चित्राखालची पाटी : विशेषनाम आणि सामान्यनाम

गोंदियात राहून समकालीन कलेचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम आगगाडीचे वेळापत्रक पाहावे लागते. नागपूर लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर. मुंबई तर पार त्या मार्गाच्या टोकाला. तेथे गेल्यावर काय पाहावे, हे वृत्तपत्रे सांगतात. कसे पाहावे, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत टिपणात त्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा, म्हणजे चित्राखालच्या पाटीवरील भाषेचा, विचार करावयाचा आहे.

पाटीवर सामान्यतः चित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक, माध्यम आणि साल एवढा मजकूर असतो. परंतु चित्रकार आदिवासी असला की पुष्कळदा त्याच्या नावाच्या जागी जमातीचे नाव येते : 'गोंड चित्र', 'वारली चित्र'. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर एकाला विशेषनाम मिळते, दुसऱ्याला सामान्यनाम. हा भेद निरुपद्रवी नव्हे. विशेषनामामागोमाग प्रश्न येतात : या चित्रकाराने आधी काय काढले, पुढे काय बदलले, हे चित्र त्याच्याच इतर चित्रांहून सरस की निरस? सामान्यनामापाशी हे प्रश्न उद्भवतच नाहीत. जेथे तुलना नाही तेथे समीक्षा नाही. उरते ते केवळ कौतुक.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोंदियाहून बालाघाटमार्गे उत्तरेस गेले की मंडला-डिंडोरीचा मुलूख लागतो. तेथील पाटणगढचे जनगढ सिंह श्याम हे परधान गोंड. गोंड यजमानांच्या घरी बाना हे तंतुवाद्य वाजवून देवांच्या आणि कुळांच्या कथा गाणे, हा परधानांचा परंपरागत व्यवसाय. १९८२ मध्ये उघडलेल्या भोपाळच्या भारत भवनातील 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची उभारणी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी केली. संग्रहासाठी त्यांनी गावोगाव पाठविलेल्या तरुणांना जनगढांची भिंतीवरील चित्रे आढळली. पुढे कागद, शाई व ॲक्रिलिक रंग हाती आल्यावर जनगढांनी जे केले, ते परंपरेचे अनुकरण नव्हते. जे देव तोवर मुख्यतः गीतकथांत वावरत होते, त्यांना त्यांनी दृश्य रूप दिले आणि ठिपक्यांच्या व बारीक रेषांच्या ओळींनी आकृती भरण्याची स्वतःची रीत सिद्ध केली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरविलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००१ मध्ये जपानात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या रीतीला अभ्यासक 'जनगढ कलम' म्हणतात. येथे विशेषनामावरूनच शैलीचे नाव सिद्ध झाले आहे, आणि ते यथार्थ आहे. तिलाच सरसकट 'गोंड चित्रकला' म्हटले की एका माणसाची निर्मिती अनादि परंपरा भासू लागते. शिवाय आपल्या सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेस जमणारे सर्व गोंड पिढ्यान्‌पिढ्या अशीच चित्रे काढीत आले असावेत, असाही समज रुजतो.

मराठीत याच्या उलट प्रक्रिया घडली आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. तथापि व्यवहारात आपण 'भिंतीवर वारली काढली' असेच म्हणतो. समाजाचे नाव नक्षीचे नाव झाले, आणि चित्रकाराचे नाव त्याखाली झाकले गेले.

यावर एक आक्षेप संभवतो. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. त्याखाली कोणाचेही नाव नसते. मग नावाचा आग्रह हा नागर संस्कार नव्हे काय? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु शब्दाप्रमाणेच चित्राचाही अर्थ प्रयोगावरून ठरतो. चौक हा विधीचा भाग आहे, आणि तो लिहिणारी घरातल्यांना ठाऊक असते. तेच चित्र कागदावर उतरून दालनात लागले, विकले गेले, की प्रयोग बदलतो. त्या नव्या प्रयोगात शेजारच्या चित्राला नाव आणि याला नाही, ही परंपरेची बूज नव्हे. तो पंक्तिभेद आहे.

नाव हे केवळ नागर खूळ नव्हे, हे झाडीपट्टीत राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक होते. त्याच्या जाहिरातीवर लेखकाचे, नटनट्यांचे नाव ठळक असते. प्रेक्षक ते वाचून जातो आणि गेल्या वर्षीच्या कामाशी यंदाचे काम ताडून पाहतो. कलावंताला नावाने ओळखण्याची ही सवय घेऊनच आपल्या विद्यार्थ्याने नागपूर-मुंबईच्या दालनात जावे. पाटी जशीच्या तशी उतरून घ्यावी; नाव नसेल तेथे व्यवस्थापकास विचारावे आणि मिळालेले उत्तरही नोंदवावे. अशा नोंदी विभागात साठत गेल्या तर कोणत्या प्रदर्शनाने कोणाला विशेषनाम नाकारले, हे पुराव्यानिशी सांगता येईल आणि या चित्रांच्या समीक्षेला आवश्यक ती सामग्रीही हाती येईल.