वृकमानवाची सरदारकी

वृकमानव, म्हणजे शापामुळे, जादूमुळे किंवा जन्मतःच लांडग्याचे रूप घेणारा माणूस, युरोपीय अद्भुतकथेत वारंवार राजा, सरदार किंवा जहागिरीचा वारस म्हणून अवतरतो. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’ या रूपांतरकथांच्या महाकाव्यात आर्केडियाचा राजा लायकेऑन ज्युपिटर देवापुढे मानवी मांस वाढतो आणि लांडगा होतो. आदिपर्वातील, शापाने नरभक्षक झालेला कल्माषपाद राजा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भयाची जात ओळखीची वाटेल. ज्याच्या हाती इतरांच्या जिवाची सत्ता आहे त्याच्यातील पशू जागा झाला तर त्याचे घर, त्याची रयत आणि त्याचा धनी यांनी काय करावे, हा या कथाप्रकाराचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि आजच्या विपुल वृकमानव-कादंबऱ्या नेमक्या त्याच प्रश्नापाशी उण्या पडतात.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारी द फ्रान्स या कवयित्रीने रचलेली ‘बिस्क्लाव्रे’ ही ‘ले’, म्हणजे दरबारी श्रोत्यांसाठीची लहान कथाकविता, या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडते. ब्रिटनीतील राजाच्या मर्जीतला एक सरदार दर आठवड्याला तीन दिवस नाहीसा होतो. पत्नी खनपटीला बसते तेव्हा तो सांगतो की ते दिवस आपण रानात लांडगा होऊन काढतो आणि पोकळ दगडाखाली लपवलेले कपडे परत मिळाले नाहीत तर कायमचे लांडगाच राहू. भेदरलेली पत्नी आपल्यावर अनुरक्त असलेल्या एका सरदाराकरवी ते कपडे पळवते आणि पुढे त्याच्याशीच लग्न करते. पुढे राजाच्या शिकारी कुत्र्यांनी घेरलेला हा लांडगा राजाची रिकीब धरून त्याच्या पायाचे चुंबन घेतो, आणि मारीची प्रतिभा इथे पूर्ण उजळते, कारण वाचा, चेहरा आणि वस्त्र गमावल्यावरही धन्यापुढे नमण्याची रीत त्याच्या अंगात उरली आहे आणि राजा तेवढ्यावरून त्याला अभय देतो. मात्र याच कवितेत लांडगा पत्नीचे नाक तोडतो, तरी चौकशी तिचीच होते आणि कबुलीही छळ करून घेतली जाते; दरबार आपल्या माणसावर किती सहज विश्वास टाकतो आणि स्त्रीवर किती सहज अविश्वास दाखवतो, हे मारीने निषेधाचा शब्द न उच्चारता नोंदवले आहे, आणि आठशे वर्षांनंतरही ती नोंद वाचकाला अस्वस्थ करते.

साहित्यात वृकमानव सरदार असताना न्यायालयात मात्र त्या आरोपाखाली गरीब उभे राहत. १६०३ मध्ये बोर्दोच्या न्यायसभेपुढे आलेला झाँ ग्रनिए हा गुरे राखणारा किशोरवयीन मुलगा होता. न्यायाधीशांनी त्याला भ्रमिष्ट मानून देहदंडाऐवजी मठात डांबले. अलेक्सांद्र द्यूमाने १८५७ च्या ‘लांडग्यांचा म्होरक्या’ अशा अर्थाच्या नावाच्या कादंबरीत हीच दरी कथेचा पाया केली. तिच्यात जहागीरदाराच्या राखीव रानात शिकार केली म्हणून फटके खाणारा लाकडी पादत्राणे घडवणारा तिबो सैतानी लांडग्याशी करार करतो, आणि त्याची प्रत्येक वाईट इच्छा पुरी होताना त्याचे केस तांबडे होत जातात. शिकारीचा हक्क कोणाचा, हा क्रांतिपूर्व फ्रान्समधला खराखुरा, पोटाशी निगडित तंटा होता, म्हणूनच या कादंबरीतील जादूला वजन आहे. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सची ‘वॅग्नर द वेअर-वुल्फ’ (१८४६-४७) तिच्यापुढे भडक वाटते. तरी हरि नारायण आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ या कादंबरीवर ज्याची छाया पडली तो हाच रेनॉल्ड्स असल्याने मराठी वाचकाने तिची दखल घ्यावी.

विसाव्या शतकात या नायकाला घडवले ते चित्रपटाने. ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) मधील लॅरी टॅलबट भावाच्या मृत्यूनंतर वारस म्हणून वेल्समधील वडिलोपार्जित वाड्यात परततो, लांडग्याच्या चाव्याने शापित होतो आणि शेवटी चांदीच्या मुठीच्या काठीने स्वतःच्या वडिलांकडूनच मारला जातो. पटकथाकार कर्ट सिओडमॅक हा नाझी जर्मनीतून बाहेर पडलेला ज्यू होता. पुढच्या बळीच्या तळहातावर उमटणाऱ्या ताऱ्याचा अर्थ त्या संदर्भात गडद होतो. परंतु या चित्रपटाच्या यशाने अपराधाऐवजी दुर्दैव केंद्रस्थानी आले, आणि सरदार हा केवळ दयेचा विषय उरला.

अँजेला कार्टरने ‘द ब्लडी चेंबर’ (१९७९) या संग्रहातील ‘वुल्फ-अॅलिस’मध्ये ही दया फार वेगळ्या वाटेने मिळवली. तिचा ड्यूक थडगी उकरून प्रेते खातो आणि आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही. गावकरी त्याला गोळी घालतात, आणि लांडग्यांनी वाढवलेली, त्याच्या घरात मोलकरीण म्हणून ठेवलेली मुलगी त्याचे रक्त चाटते तेव्हाच आरशात त्याचा चेहरा उमटू लागतो. मालकाला माणूसपण देण्याची शक्ती नोकराकडे सोपवणारी ही कथा या परंपरेतील ‘बिस्क्लाव्रे’नंतरची सर्वांत मोठी झेप आहे.

त्यानंतरच्या कादंबऱ्यांनी सरदारकीऐवजी कळपाची उतरंड स्वीकारली. ‘अल्फा’, म्हणजे बळाने कळपावर राज्य करणारा नर, ही कल्पना रूडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासातून पसरली. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती लोकप्रिय केली आणि रानातला कळप बहुधा आईबाप व पिल्लांचे कुटुंब असतो असे दाखवून १९९९ मध्ये स्वतःच तिला आव्हान दिले. कथाकारांनी मात्र ती सोडलेली नाही. गेल कॅरिगरच्या ‘सोललेस’ (२००९) मधील अर्ल मॅकन एकाच वेळी उमराव आणि अल्फा आहे. संवाद चटकदार आहेत, पण दोन्ही अधिकार निसर्गदत्त मानल्यामुळे त्यांच्याविषयी कोणी प्रश्नच विचारत नाही.

तो प्रश्न टेरी प्रॅचेटच्या ‘द फिफ्थ एलिफंट’ (१९९९) मध्ये जिवंत आहे. तिथल्या वृकमानव सरदारघराण्यात माणसाला रानात सोडून त्याचा पाठलाग करण्याचा जुना खेळ आहे. थोरला बॅरन त्याचे नियम पाळी, जिंकणाऱ्याला बक्षीस देई, पण रक्तशुद्धीच्या कल्पनेने वेडा झालेला मुलगा वुल्फगँग ते नियम मोडतो, आणि कधीच रूप बदलू न शकणाऱ्या, कायम माणूसच राहिलेल्या आपल्या बहिणीचा त्याने आधीच जीव घेतलेला आहे. कायम लांडगा राहिलेला त्याचा भाऊ मात्र पळून जाऊन मेंढ्या राखतो.