उलटा प्रश्न न शिकविणारी संभाषणे

इंग्रजी बोलण्यास शिकविणाऱ्या पुस्तकांची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, संवाद हा वाङ्मयप्रकारच आहे, आणि या पुस्तकांतील संवाद असंख्य प्रौढांनी मुखोद्गत केले आहेत. असे भाग्य किती नाटककारांच्या वाट्यास आले असेल?

काशीत लंकेपासून दुर्गाकुंडाकडे जावे, तो अशा वर्गांच्या पाट्या जागोजाग दिसतात. वर्गांत आणि पुस्तकांत भर एकाच गोष्टीवर : आपले नाव, गाव, शिक्षण सांगावे, विचारल्यास नम्रपणे उत्तर द्यावे. कपिल देवने ज्याची जाहिरात केली त्या 'रॅपिडेक्स'ने घरोघरी धीर दिला, हे आम्ही मान्य करतो. परंतु या साऱ्या प्रकारच्या संभाषणांत दुसरा मनुष्य कधी अडवीत नाही, शंका घेत नाही, रागावत नाही. त्या मानाने आपल्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अधिक प्रामाणिक. नियम, शब्द आणि भाषांतरासाठी सुटी वाक्ये. संभाषणाचा आव तिने आणला नाही.

या प्रश्नाचा जुना धागा काशीतच सापडतो. जेम्स बॅलंटाइन १८४६ मध्ये येथील संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. त्यापूर्वी, १८३९ मध्ये, त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते; हिंदुस्थानी संभाषणाची एक खिशात मावणारी पुस्तिकाही त्यांच्या नावावर आहे. साहेबांसाठी निघणाऱ्या त्या काळच्या अशा पुस्तिकांत आज्ञार्थाचेच राज्य असे : पाणी आण, घोडा तयार कर. साहेबाने हुकूम शिकावा आणि आपण उत्तर शिकावे, अशी ही वाटणी!

मात्र काशीच्या पंडितांसमोर बॅलंटाइननी निराळी वाट धरली. पाश्चात्त्य विद्या त्यांनी न्यायदर्शनाच्या अंगाने मांडली. समोरचा प्रौढ आहे, त्याची वादाची रीत मुरलेली आहे, तेथूनच आरंभ करावा, हे त्यांनी ओळखले. त्यांचा हेतू निखळ होता असे आम्ही म्हणणार नाही. पद्धत मात्र शहाणपणाची होती. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री याच पाठशाळेतले. त्यांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पूर्वपक्ष ऐकून उत्तरपक्ष मांडणे ज्या नगरीत शास्त्र झाले, तेथील वर्गांनी प्रौढाला बालवर्गात बसवावे, हे आम्हांस विपरीत वाटते. त्याला बोलता येत नाही असे नाही. मातृभाषेत तो पानाच्या दुकानावर तास तास वाद घालतो. त्याला हवी असतात अडविण्याची, खुलासा मागण्याची, असहमती दाखविण्याची वाक्ये. ती नसल्यामुळे काय होते, हे कचेरीतील वाचकांस सांगावयास नको. फायलीतील खोच ज्यास ठाऊक, तोच बैठकीत 'येस सर' म्हणून स्वस्थ बसतो, आणि चुकीचा निर्णय कार्यवृत्तात सुबक इंग्रजीत उतरतो.

घाटावरच्या नावाड्याचे पाहा. तो परदेशी प्रवाशास प्रथम देश विचारतो, मग भाडे सांगतो. प्रवाशाने निम्मे म्हटले की त्याचा प्रतिप्रश्न तयार असतो. क्रियापदांचे काळ त्याच्याजवळ नाहीत. सौदा मात्र बहुधा त्याच्या मनासारखा होतो.