‘मार्था’ : एक अनुबोधपट आणि प्रथम पुरुषाचा प्रश्न

आत्मकथनाची भाषा हा भाषाभ्यासकाच्या कक्षेतील विषय आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि आत्मकथन म्हटले की आपल्या नजरेसमोर छापील ग्रंथच उभा राहतो. पडद्यावर बोलणाऱ्या व्यक्तीच्या वाक्यांकडे आपण क्वचितच त्या दृष्टीने पाहतो. आर. जे. कटलर यांनी दिग्दर्शित केलेला ‘मार्था’ (२०२४) हा अनुबोधपट आम्ही गेल्या सत्रात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत पाहिला, तो याच हेतूने.

मार्था स्टुअर्ट हे नाव अमेरिकेत घरोघरी ठाऊक असले तरी सोलापुरात त्याची ओळख करून द्यावी लागते. १९४१ साली जन्मलेल्या या बाईंचे बालपण न्यू जर्सीतील नटली या गावी गेले. काही काळ शेअर-दलालीचा व्यवसाय करून त्या मेजवान्यांची कंत्राटे घेऊ लागल्या. १९८२ साली ‘एन्टरटेनिंग’ हा आतिथ्यावरील ग्रंथ निघाला, १९९० मध्ये त्यांच्या नावाचे मासिक सुरू झाले, मागोमाग दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आले. आणि १९९९ साली कंपनीचे भाग बाजारात येताच, स्वतःच्या कर्तृत्वावर अब्जाधीश झालेली अमेरिकेतील पहिली स्त्री असा त्यांचा लौकिक झाला. स्वयंपाक, बाग, टेबलावरील फुले, चादरींच्या घड्या, म्हणजे ज्याला आपण ‘घरचे काम’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवतो, तेच त्यांनी हिशेबात आणले.

हा व्यवसाय मुळात एका क्रियारूपाचा व्यवसाय आहे. पीठ मळा, फुलांचे देठ तिरके कापा, पाहुणे येण्यापूर्वी अमुक करा : सारा आज्ञार्थ. आपल्याकडील पाकग्रंथांची परंपरा येथे निराळी पडते. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्रा’पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरे’पर्यंत (१९७०) हा वाङ्मयप्रकार विध्यर्थात रमलेला दिसतो. ‘घालावे’, ‘परतावे’, ‘झाकण ठेवावे’. या रचनेत कर्ता तृतीयेत असावयाचा, आणि तोही बहुधा गाळलेला असतो. सांगणारी दिसत नाही, करणारीही दिसत नाही. दिसते ते केवळ कर्म. ओगले यांनी वाटी-चमच्याचे माप देऊन हजारो घरांत प्रवेश मिळविला, परंतु पुस्तकातील स्वयंपाकघर त्यांचे स्वतःचे आहे असे वाचकास कधी वाटत नाही. स्टुअर्टबाईंच्या ग्रंथात मात्र घर त्यांचे, बाग त्यांची आणि चेहराही त्यांचाच. आज्ञा दुसऱ्यास, पण नमुना स्वतःचा. अशा व्यक्तीला ‘आता स्वतःविषयी सांगा’ असे म्हटले की काय घडते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

अनुबोधपटाच्या पूर्वार्धात याचे एक लक्षणीय उदाहरण आहे. पतीच्या परस्त्रीसंबंधांचा विषय निघताच बाई तरुण स्त्रियांना उद्देशून उपदेश सुरू करतात : नवरा फसवीत असेल तर त्या संसारातून बाहेर पडा. प्रश्न प्रथम पुरुषाचा होता, उत्तर द्वितीय पुरुषात आले, आणि तेही आज्ञार्थात. जन्मभराची सवय ती! दिग्दर्शक शांतपणे विचारतो की, आपलेही एक प्रकरण तत्पूर्वी झाले होते ना? क्षणभर थांबून बाई होकार देतात, आणि लगेच त्याचे महत्त्व कमी करू लागतात. आज्ञार्थ गळून पडतो आणि ‘मी’ उघडा पडतो, तो याच ठिकाणी. याउलट ज्यूधर्मीय तरुणाशी विवाह ठरविला म्हणून वडिलांनी दोन्ही गालांवर थप्पड मारली, ही हकीकत त्या निर्विकार स्वरात, एखादी पाककृती सांगावी तशी सांगून जातात. प्रस्तुत लेखकास या अनुबोधपटातील सर्वांत प्रांजळ वाक्ये तीच वाटली.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डिसेंबर २००१ मध्ये बाईंनी इम्क्लोन या औषध-कंपनीचे आपले भाग विकले. दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीविषयीची वाईट वार्ता जाहीर झाली. २००४ साली त्यांना शिक्षा झाली व वेस्ट व्हर्जिनियातील ऑल्डरसन येथील तुरुंगात त्यांनी पाच महिने काढले. सर्वसाधारण समज असा की, शिक्षा भागविक्रीतील लबाडीबद्दल झाली. वस्तुतः रोख्यांच्या फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनीच काढून टाकला होता. दोष सिद्ध झाला तो कट, तपासात अडथळा आणि तपास-अधिकाऱ्यांपुढे केलेली खोटी विधाने यांबद्दल. म्हणजे विकण्याच्या कृतीबद्दल नव्हे, तर प्रश्नाला दिलेल्या उत्तराबद्दल ही स्त्री तुरुंगात गेली. तिला पुन्हा खुर्चीवर बसवून प्रश्न विचारणे ही साधी मुलाखत राहत नाही.

कटलर यांना याची जाणीव असावी, कारण त्यांनी केलेली मांडणी न्यायालयाची आठवण करून देते. कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात त्या एकट्या मार्थाबाई. आप्त, सहकारी, टीकाकार यांचे केवळ आवाज ऐकू येतात. साक्षीदार अदृश्य आणि आरोपी तेवढी पिंजऱ्यात! ही योजना परिणामकारक आहे. न्याय्य आहे असे मात्र म्हणवत नाही. न दिसणाऱ्या साक्षीदाराचा संकोच, त्याची असूया, त्याने खाली घातलेली मान, यांपैकी काहीच प्रेक्षकास तपासता येत नाही.

एका बाबतीत मात्र हा अनुबोधपट आपल्या उत्तम आत्मकथनांहून पुढे जातो. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) घ्या. त्यांनीच भूमिका केलेल्या १९५९ च्या चित्रपटाचे हे नाव. त्यात प्रथम पुरुषी स्त्रीलिंगी वर्तमान आणि अनेकवचनी आज्ञार्थ शेजारी-शेजारी बसले आहेत. धिटाईत या पुस्तकाची बरोबरी करणारी मराठी आत्मकथने थोडी. पण त्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले, आणि शब्दांकन करणाऱ्याचे प्रश्न पुस्तकात उरलेले नाहीत. कोणती कबुली आपण होऊन आली व कोणती विचारल्यामुळे, हे वाचकास कळत नाही. ‘मार्था’मध्ये प्रश्न ऐकू येतो, म्हणून उत्तराचे वजन करता येते. घटस्फोटाच्या काळाविषयी अधिक बोलण्याचा आग्रह होताच बाई सांगतात की, ते सारे पत्रांतून घ्या. पत्रे त्यांनीच दिलेली. ती पडद्यावर वाचली जातात, पण दुसऱ्या आवाजात. त्या पत्रांतील विनवण्या आणि समोर बसलेल्या बाईंचा कोरडेपणा यांत जे अंतर पडते, ते मिटविण्याचा प्रयत्न दिग्दर्शक करीत नाही. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

उत्तरार्धात तो संयम सुटतो. खटला लांबतो, आणि शेवटी वृद्ध मार्थाबाई आपल्या बागेत एकट्याच, किंचित वाकून, मंद गतीने चालताना दिसतात. अनुबोधपट प्रदर्शित झाल्यावर बाईंनी याच दृश्यांवर जाहीर आक्षेप घेतला : आपल्या टाचेच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झाली होती म्हणून आपण लंगडत होतो, दिग्दर्शकाने मात्र आपल्याला एकाकी म्हातारी करून दाखविले. ही तक्रार अहंकाराची आहे असे काही समीक्षकांना वाटले. मला ती पुराव्याविषयीची वाटते. लंगडण्याचे कारण शरीरात होते, ते संकलकाने आयुष्यात नेऊन ठेवले. ज्या स्त्रीला खोट्या विधानाबद्दल तुरुंगवास घडला, तिच्याविषयी शब्दाविना केलेले हे विधान कोणत्या कसोटीवर तपासावयाचे?

चर्चेच्या वेळी एका विद्यार्थिनीने वेगळाच मुद्दा काढला. तिची आई घरी कडक भाकरी करून दुकानांना पुरविते. ‘सर, आईला भाकरीबद्दल विचारलं तर ती तासभर बोलेल. बाबांबद्दल विचारलं तर उठून चुलीकडे जाईल. मार्थाबाईंनी तरी उत्तर का द्यावं?’ तिच्या वाक्यातील विध्यर्थ वर्गात कोणाच्या ध्यानी आला नाही. मीही तो दाखविला नाही. घंटा होईपर्यंत आम्ही त्या ‘का’चाच ऊहापोह करीत होतो, आणि पुढील तासिकेस ती पत्रांची दृश्ये पुन्हा पाहावयाची असे ठरले.