फाब्रचा कोळी

मुंडकोपनिषदांत विश्वोत्पत्तीचा दृष्टांत म्हणून ऊर्णनाभि येतो. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत हताश राजाला चिकाटी शिकविणारा कोळी येतो. दोन्ही ठिकाणीं कोळ्याच्या निमित्तानें मनुष्यानें स्वतःचेंच म्हणणें मांडलें आहे. खुद्द कोळ्याकडे पाहणें हें ज्यानें वाङ्मयाचें काम मानलें, तो फ्रेंच ग्रंथकार झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) होय. त्याच्या कीटकविषयक दहा खंडांतून निवडलेलीं प्रकरणें ‘द लाइफ ऑफ द स्पायडर’ या नांवानें १९१२ सालीं इंग्रजींत आलीं.

या पुस्तकाचा बराच भाग जाळ्यानें व्यापला आहे. जाळ्याचे आरे कोरडे. त्यांवरून वळसे घेत गेलेला धागा तेवढा चिकट. मग कोळी स्वतः त्यांत कां अडकत नाहीं? फाब्र नुसता तर्क लढवीत बसत नाहीं. कोळ्याचा एक पाय तो चिकट धाग्याला लावून पाहतो. पाय चिकटत नाहीं. तोच पाय स्निग्धांश विरघळविणाऱ्या कार्बन डायसल्फाइडांत भिजवून पुन्हां लावतो. आतां तो चिकटतो. मेलेला टोळ जाळ्यांत ठेवला, तर कोळी ढिम्म हालत नाहीं. गवताच्या काडीनें टोळ हलविला, कीं धांवून येतो. पानांच्या आडोशाला लपणारा कोळी जाळ्याच्या मध्यापासून आलेल्या धाग्यावर पाय ठेवून बसतो. तो धागा कात्रीनें कापल्यावर टोळ जाळ्यांत तडफडत राहिला, आणि जाळ्याचा धनी बराच वेळ घरांत स्वस्थ बसला. शिकार डोळ्यांनीं नव्हे, कंपानें कळते, हें सांगावयास फाब्रला एकहि अवजड शब्द लागत नाहीं.

चिकट धागा ही खळीनें भरलेली पोकळ नळी आहे, हें त्याचें मत आज टिकत नाहीं; खळ धाग्यावर बाहेरून मण्यांसारख्या थेंबांत असते. पण हा दोष साधनांचा. खरा दोष निराळा आहे. प्राण्याची उपजत बुद्धि ठरीव व अविचल असते, असा फाब्रचा आग्रह होता, आणि उत्क्रांतिवाद त्यानें अखेरपर्यंत मानला नाहीं. आतां त्याचाच एक प्रयोग पाहा. तांबड्या लोकरीची गोळी जाळ्यांत हलवितांच कांहीं कोळी ती शिकार समजून धाग्यांनीं गुंडाळूं लागले. कांहींनीं मात्र चांचपून पाहिली आणि फेंकून दिली. कोळ्याकोळ्यांतील हाच फरक उत्क्रांतीचें भांडवल! तो फाब्रनें अचूक पाहिला, रंगवून लिहिला, आणि त्याचा अर्थ न विचारतां तो पुढें गेला.

तरीहि आपल्या मताला अडचणीचा ठरणारा हा प्रसंग त्यानें गाळला नाहीं, हें विसरतां कामा नये. लेखकाचा सिद्धांत न पटतांहि त्याच्याच पुराव्यावर त्याच्याशीं वाद घालतां यावा, असें शास्त्रीय लेखन विरळा. मराठींत सृष्टिविषयक लेखन करूं इच्छिणाऱ्यांनीं फाब्रची रसाळ शैली उचलण्यापूर्वीं ही सचोटी उचलावी.