मोजो : अलंकार आणि अलंकार्य

मोटारगाडीचे रूप मुख्यत्वे तिच्या पत्र्याच्या आवरणात असते, तर मोटारसायकलीचे रूप तिच्या सांगाड्यात. मोटारीचे इंजिन झाकणाखाली राहते, त्यामुळे आवरणाचा घाट रचनाकाराला बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे ठरविता येतो. मोटारसायकलीत इंजिन, फ्रेम, टाकी आणि सायलेन्सर ही सारी दृष्टीसमोर असतात; तेथे भाराची व्यवस्था हीच आकृती होय. म्हणूनच मोटारींच्या कारखान्याने मोटारसायकल कल्पिली, म्हणजे त्याच्या रूपविचाराची खरी कसोटी लागते. महिंद्राची ‘मोजो’ या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

जीप व ट्रॅक्टरसाठी ख्यात असलेल्या या उद्योगसमूहाने 2008 साली कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय घेतला. त्याच्या दुचाकींचे संशोधन-केंद्र चिंचवडला होते. उत्पादन मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होई. इटलीतील ‘एंजिन्स इंजिनिअरिंग’ या संस्थेच्या साहाय्याने घडलेली मोजो 2010 साली लोकांपुढे आली. बाजारात येण्यास मात्र 2015 साल उजाडले. जोड-दिवे, त्यांवरील भुवयांसारख्या प्रकाशरेषा आणि दोन सायलेन्सर यांनी प्रेक्षकाचे लक्ष वेधले. दिव्यांना चेहऱ्याचे रूप देणे हा मोटारीच्या रचनाकाराचा जुना परिपाठ आहे. तोच येथे दुचाकीवर अवतरला. एकाच सिलिंडरच्या इंजिनाला दोन सायलेन्सर जोडण्यातही गरजेपेक्षा डौलाची ओढ अधिक दिसते.

मोजोवरील सर्वांत मार्मिक टीका समीक्षकाने नव्हे, तर कारखान्यानेच केली. 2018 साली ‘यूटी 300’ ही स्वस्त आवृत्ती निघाली. तीत दोहोंऐवजी एक सायलेन्सर आला आणि भुवया गेल्या. पण त्याबरोबर इंधन-अंतःक्षेपणाच्या जागी कार्ब्युरेटर आला, उलट्या फोर्कच्या जागी साधा फोर्क आला. साहित्यशास्त्रातील अलंकार व अलंकार्य हा भेद येथे उपयोगी पडतो. दुसरा सायलेन्सर हा अलंकार होता. तो उतरविल्याने गाडीचे स्वत्व उणावले नाही. इंधन-अंतःक्षेपण मात्र अलंकार नव्हे. इंजिनाच्या स्वभावाशीच त्याचा संबंध आहे. किमतीची कात्री दोहोंवर सारखीच चालावी, यावरून मूळ कल्पनेतच हा भेद पुरेसा स्पष्ट झाला नव्हता, असा निष्कर्ष निघतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, व्यापारात किंमत हाच निर्णायक घटक असतो. तो मान्य करूनही एक गोष्ट उरते. या छाटणीनंतरही 295 घनसेंटिमीटरचे इंजिन, त्याला कवेत घेणारी फ्रेम आणि 21 लिटरची भरदार टाकी कायम राहिली. दूरच्या प्रवासाचे वाहन ही मोजोची मूळ कल्पना या तिहींतच साकार झाली होती. टाकीचा फुगीरपणा शोभेसाठी नाही. पेट्रोलपंप दूर असलेल्या वाटेचा विचार त्यामागे आहे.

आकुर्डीत दुचाकी, पिंपरीत आणि चाकणला मोटारी, असे दोन्ही रूपविचार या पट्ट्यात शेजारी नांदतात. तेथील तरुण रचनाकाराला मोजोचा पाठ उपयुक्त ठरावा. प्रदर्शनात मांडावयाच्या गाडीतून काय काढले असता ती तीच राहील आणि काय काढले असता ती दुसरी होईल, याचा निर्णय कागदावरच झाला पाहिजे. तो पुढे हिशेबनिसावर सोपविला, तर भुवई आणि हृदय यांचे मोल एकाच खात्यात मांडले जाते.