ब्राउझर एक्स्टेन्शनची बहुप्रणालीक्षमता : मराठी मजकुराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एकदा लिहिलेले एक्स्टेन्शन कोणत्याही संगणक प्रणालीवर चालावे, हे ब्राउझरसाठी साधने निर्माण करणाऱ्यांचे जुने उद्दिष्ट आहे. विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर ते चालले की ते यशस्वी मानले जाते. मराठी मजकुराचा अनुभव पाहता ही कसोटी अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात मावळातील स्थलनामांच्या आधारे तिची चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टच्या स्वतंत्र सांकेतिक रचनेत मजकूर साठवीत. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ आणि नेटस्केप कम्युनिकेटर ४ यांनी पानासोबत फॉन्ट पाठविण्याच्या दोन परस्परविसंगत पद्धती आणल्या. परिणामी विंडोजवर स्वच्छ दिसणारे पान लिनक्सवर अर्थहीन रोमन चिन्हांची रांग होऊन बसे. फायरफॉक्ससाठीचे ‘पद्म’ हे एक्स्टेन्शन अशा भारतीय भाषांतील फॉन्टबद्ध मजकुराचे वाचकाच्याच संगणकावर युनिकोडमध्ये रूपांतर करी.

विवेचन

हे रूपांतर म्हणजे केवळ अक्षरामागे अक्षर बदलणे नव्हे. ‘विसापूर’ या शब्दात फॉन्टबद्ध मजकूर वेलांटी आधी व ‘व’ नंतर साठवितो. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार, म्हणजे उलटा असतो. ‘कार्ले’ या नावातील रफार फॉन्टमध्ये सामान्यतः ‘ल’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘ल’पूर्वी येतात. म्हणून एक्स्टेन्शनला अक्षरगट ओळखून त्याची पुनर्रचना करावी लागते. प्रकाशकाच्या संमतीची वाट न पाहता हे सामर्थ्य वाचकाच्या हाती देणे, ही अशा साधनाची खरी थोरवी होय.

तथापि त्याच्या दोन मर्यादा दुर्लक्षिता येत नाहीत. पहिली मर्यादा काळाची. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स फायरफॉक्सच्या अंतर्गत रचनेवर उभी होती. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्स ५७ ने ती रचना बंद केली आणि तिन्ही प्रणालींवर चालणारी साधने तिन्हींवर एकाच वेळी थांबली. प्लगइनचेही तेच झाले. नेटस्केपकालीन प्लगइन पद्धतीचा आधार क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्णतः काढला. प्रणालींमधील भेद ओलांडणारी साधने आवृत्तीच्या बदलापुढे टिकली नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. रूपांतर वाचकाच्या पडद्यावर होते. मूळ पान तसेच राहते. शोधयंत्र मात्र मूळ पानच वाचते. ‘मावळ’ किंवा ‘लोणावळा’ हा शब्द शोधणाऱ्या अभ्यासकाला त्या पानाचा पत्ताच लागत नाही. जे सापडतच नाही, त्याचे रूपांतर करणारे साधन हाताशी असून उपयोग काय?

आज परिस्थिती काहीशी अनुकूल आहे. क्रोम, एज व फायरफॉक्स यांची एक्स्टेन्शन रचना बऱ्याच अंशी समान झाली असून २०२० मध्ये सफारी १४ नेही ती स्वीकारली. समान नियमांसाठी जून २०२१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या छत्राखाली स्वतंत्र गट स्थापन झाला. तरीही पार्श्वभूमीत चालणारा भाग क्रोम व फायरफॉक्स भिन्न रीतीने हाताळतात. यास्तव फॉन्टनिहाय तक्ते आणि पुनर्रचनेचे नियम ब्राउझरपासून अलिप्त ठेवावेत; ब्राउझरशी जोडणारा भाग शक्य तितका लहान असावा. मग ब्राउझर बदलला तरी भाषाविषयक श्रम वाया जाणार नाहीत. तेच तक्ते वापरून संस्थांना आपला जुना मजकूर मूळ ठिकाणीच युनिकोडमध्ये आणता येईल.

निष्कर्ष

बहुप्रणालीक्षमतेचे मोजमाप किती प्रणालींवर साधन चालते एवढ्यावरून करू नये. साधन बंद पडल्यावर काय उरते, हेही पाहिले पाहिजे. एक्स्टेन्शन ही तात्पुरती सोय आहे, मजकुराचे जतन नव्हे. ज्या महाविद्यालयांच्या जुन्या अंकांचे संगणकीय मजकूर अद्याप फॉन्टबद्ध आहेत, त्यांनी मूळ फॉन्ट उपलब्ध आहेत तोवर हे काम हाती घेणे अगत्याचे आहे. फॉन्ट हरवल्यास अक्षरे ओळखण्याचा सर्वांत सुलभ आधारच नाहीसा होईल.