पदवी आणि रुमाल

आपल्याकडे इतिहासाचे संशोधन अगोदर सुरू झाले आणि त्याचे शिक्षण मागाहून आले. सातारा-सांगलीच्या टापूत तर हे विशेषच दिसून येते. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत; १८९७ पासून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने भागशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याच सुमारास, १८९८ साली, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाई येथे हाती लागलेल्या कागदांवरून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. १९१७ पर्यंत तिचे बावीस खंड झाले. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीच्या नाना फडणविसांच्या दप्तरासह अपार संग्रह केला. खरे जुन्या शास्त्रीपरंपरेतले, राजवाडे नुसते बी. ए., आणि पारसनिसांस विद्यापीठाची पदवीच नव्हती. पुढे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांत अग्रेसर ठरलेले यदुनाथ सरकार हेही एम. ए. झाले ते इंग्रजी वाङ्मय घेऊन.

यावरून पदवी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे सुशिक्षित गृहस्थ पुष्कळ भेटतात. आमचे मत तसे नाही. पदवी नसताना या मंडळींनी जे साधले ते कशाच्या बळावर, आणि पदवी असताना आजच्या उमेदवाराच्या हातून ते का निसटते, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. कोणा एका प्रबंधाचे परीक्षण करण्याचा हेतू नाही. प्रबंध हा जो लेखनप्रकार आपल्या विद्यापीठांतून रूढ झाला आहे त्याचेच हे परीक्षण समजावे.

इतिहासाच्या सर्व शिक्षणाचे सार एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे 'कशावरून?' ग्रँट डफ १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता. तेथे मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये बाहेर पडला, आणि पुढे चाळीस वर्षे आपल्या लोकांनी तो प्रमाण मानला. नीलकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजातील विद्यार्थ्याने त्यातील विधाने मराठी साधनांशी ताडून पाहिली व टीका लिहिली, तेव्हा हा शब्द आपल्या इतिहासलेखनात प्रथम स्पष्टपणे उच्चारला गेला. महाराष्ट्रातील आधुनिक संशोधनाचा प्रारंभ एका विद्यार्थ्याच्या शंकेपासून झाला, ही गोष्ट आमच्या विद्यापीठांनी विसरू नये.

या प्रश्नाचे उत्तर देण्यास काय लागते हे खरेशास्त्र्यांच्या कामावरून समजते. जुन्या कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे, दप्तरखान्याच्या भाषेत रुमाल, सोडले की पहिले पत्र हाती येते. अक्षर मोडी, शब्द तोडल्याशिवाय सलग लिहिलेले. शेवटी मितीच्या जागी 'छ १५ जिल्काद' एवढाच मजकूर असावयाचा. म्हणजे मुसलमानी महिना कळला, चंद्र कळला, पण साल नाही. जेथे साल आहे तेथे ते 'इहिदे सितैन मया व अलफ' असे अरबी शब्दांत. त्याचा सुहूर सन ११६१, म्हणजे १७६० चा मृग ते १७६१ चा मृग, हे हिशेबाने बसवावे लागते. मजकुरात 'नाना' असे नाव आले तर ते नाना फडणवीस की दुसरे कोणी नाना, हे मागचीपुढची पत्रे लावल्याविना ठरत नाही. पत्र निघाले केव्हा आणि पोहोचले केव्हा यात आठ-पंधरा दिवसांचे अंतर पडते, म्हणून लिहिणाऱ्यास ठाऊक असलेली बातमी वाचणाऱ्यास त्या वेळी ठाऊक नव्हती हेही ध्यानी धरावे लागते. अशी शेकडो पत्रे कालक्रमाने लावून त्यांतून घटनांचा धागा काढून दाखवणे हे शास्त्रीबुवांचे काम. हे ज्याने एका रुमालापुरते जरी केले, त्यास 'पुरावा' हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. या थोर मंडळींची भक्ती करताना त्यांची वैगुण्ये झाकणे हे त्यांच्याच शिकवणीविरुद्ध होईल. पारसनिसांच्या प्रकाशनांत कोणता कागद कोणत्या घरातून आला याचा उल्लेख पुष्कळदा मिळत नाही. राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचताना बुद्धी दिपून जाते. परंतु पाच कागदांवरून पन्नास वर्षांचा सिद्धांत बांधण्याची त्यांची हौस अनावर होती. कागदांचा संग्रह बहुधा एकेका व्यक्तीच्या जीवावर उभा राही. ती व्यक्ती गेली की तो पोरका होई. साताऱ्यात १९२५ साली पारसनिसांच्या संग्रहासाठी इमारत उभी राहिली, १९२६ मध्ये ते वारले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो सुरक्षित राहिला हे खरे. पण साताऱ्याच्या विद्यार्थ्यास साताऱ्याचे कागद पाहण्यासाठी परगावी जावे लागले हेही तितकेच खरे.

हे दोष निवारण्याचे साधन म्हणजेच विद्यापीठ. एकट्याने वाचलेला कागद चौघांत वाचावा, आपले अनुमान दुसऱ्याने खोडून काढावे आणि ते सोसण्याची सवय व्हावी, यासाठी रांके या जर्मन इतिहासकाराने बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांस भोवती बसवून मूळ लेखांची चिकित्सा करण्याचा प्रघात पाडला. पॅरिसमध्ये जुने दस्तऐवज वाचण्याचे व जपण्याचे शिक्षण देणारी स्वतंत्र शाळा १८२१ मध्येच निघाली होती. लंडनमध्ये १९२१ साली इतिहाससंशोधनाची संस्था स्थापन झाली. या सर्वांचा मूळ विचार असा की, संशोधन हे व्याख्यानांनी शिकवता येत नाही. सुताराच्या कारखान्याप्रमाणे ते हाताखाली राहूनच शिकावे लागते.

१९६२ मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा आमच्या भागास हीच आशा वाटली असल्यास नवल नाही. त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे स्वतः ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादक होते. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे. म्हणजे शिकवणारी घरेही होती. मग उणे कोठे पडले?

परीक्षणासाठी आमच्याकडे येणाऱ्या प्रबंधांवरून आम्ही सांगतो. पहिले प्रकरण प्रदेशाच्या भूगोलाचे, दुसरे पूर्वपीठिकेचे, तिसऱ्या-चौथ्यात छापील ग्रंथांचा गोषवारा, शेवटी निष्कर्ष, जे प्रबंध न लिहिताही ठाऊक होते. टीपा विपुल, परंतु त्यांतील बऱ्याच टीपा दुसऱ्याच्या टीपांतून उचललेल्या. रुमालाचा क्रमांक दिलेला, रुमाल मात्र सोडलेला नाही. यात उमेदवाराचा दोष थोडा आहे. त्यास मोडी कोणी शिकवली नाही, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेलेली ती लिपी घरी शिकवणारे आजोबाही आता राहिले नाहीत.

नियमांची उणीव आहे असे मात्र कोणी म्हणू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ व २०२२ असे तीन वेळा पीएच. डी. चे नियम केले. २००९ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध छापणे आवश्यक ठरवले; त्यामुळे पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांस बरकत आली, आणि २०२२ मध्ये ती अट गेली. २०१८ पासून संगणक प्रबंधातील जुळणाऱ्या मजकुराचे शेकडा प्रमाण काढून देतो. शब्द चोरले की नाही हे त्यास कळते. आधार पाहिला की नाही हे कळत नाही. २०२२ च्याच नियमांनी एम. फिल. बंद केली. ती पदवी अनेक ठिकाणी निःसत्त्व झाली होती, हे आम्ही जाणतो. परंतु लहानसा विषय घेऊन हात बसवण्याची तेवढीच एक पायरी होती. ती दुरुस्त करण्याऐवजी काढून टाकली, आणि उमेदवारास एकदम माडीवर चढण्यास सांगितले.

येथे एक सबळ आक्षेप संभवतो. रुमाल कोणाच्या घरी होते? सरदारांच्या, कारकुनांच्या, वतनदारांच्या. ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते त्यांचा इतिहास या पद्धतीने कसा लिहिणार? आक्षेप योग्य आहे. खरे-राजवाडे यांच्या चित्रात कुळवाडी, बलुतेदार व स्त्रिया ओझरत्याच दिसतात. पण त्याचे उत्तरही आमच्याच भागात आहे. गेल ऑम्वेट या अमेरिकेत जन्मलेल्या विदुषीने १९७३ मध्ये बर्कली येथील विद्यापीठास सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध सादर केला व पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगाव हेच आपले घर केले. विषय समाजशास्त्राच्या नावाखाली, पण काम इतिहासाचे: जुनी वृत्तपत्रे, पत्रके, हयात माणसांची माहिती. डॉक्टरेटचा प्रबंध जिवंत ग्रंथ होऊ शकतो याची ती साक्ष आहे. मात्र तेथेही 'कशावरून?' हा प्रश्न सुटत नाही. १९४३ ते १९४६ या काळात आमच्या गावागावांतून पत्रीसरकारचा कारभार चालला. त्यात भाग घेतलेल्या एखाद्या वृद्धाच्या तोंडची हकीकत लिहून घेतली, तर ती त्याने केव्हा सांगितली, कोणासमोर सांगितली, स्वतः पाहिलेले किती आणि नंतर ऐकलेले किती, हा विवेक सालाविना आलेल्या मोडी पत्राइतकाच कठीण असतो. साधन बदलले तरी शिस्त बदलत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हल्लीच्या नियमांत पीएच. डी. पूर्वीच्या अभ्यासक्रमास किमान बारा श्रेयांक आहेत. त्यांतील मोठा भाग एका संपादनास द्यावा. प्रत्येक उमेदवाराने एक रुमाल, किंवा नगरपालिकेची एक जुनी फाइल, किंवा सहकारी सोसायटीचे एक इतिवृत्ताचे पुस्तक, किंवा दहा जणांच्या मुलाखती घ्याव्यात. त्यांचे वाचन, कालनिर्णय, नावांची ओळख व कागद कोठून आला याची नोंद करून ते संपादन परीक्षकांपुढे ठेवावे. मंजूर झाल्यावर त्याची एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात राहावी. त्यात उत्तीर्ण झाल्यावरच प्रबंधाचा विषय द्यावा. उमेदवाराचा प्रबंध पुढे सामान्य निघाला तरी जिल्ह्यास एक विश्वसनीय साधन मिळालेच. आज शंभर प्रबंधांच्या मागे इतकेही हाती राहत नाही.

कोणी म्हणेल, बढती पदवीवर अवलंबून असता इतका वेळ कोणास आहे? वेळेची ही ओढ आम्हांस ठाऊक आहे, आणि तरुण अध्यापकांच्या पोटापाण्याच्या चिंतेस आम्ही हसणार नाही. पण उमेदवाराची पाच वर्षे तर हल्लीही जातात. ती कशात जावीत एवढेच ठरवावयाचे आहे. वाई, मिरज, कऱ्हाड, तासगाव येथील जुन्या वाड्यांतून आजही माळ्यावर गाठोडी आहेत. वाडा पाडून इमारत बांधावयाची ठरली की त्यांतील काही रद्दीत जातात, काही वाळवीस. ज्या वाचकांच्या घरी अशी गाठोडी असतील त्यांनी ती फेकण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या अध्यापकास दाखवावी, ही आमची विनंती. आणि त्या अध्यापकास ती वाचता यावीत एवढे शिक्षण त्यास देणे, ही विद्यापीठाची जबाबदारी.